तळटीप क्रमांक ३१ : माझी पहिली मूट कोर्ट स्पर्धा

शाळेपासून मी वक्तृत्व स्पर्धा करत आले. सात मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, शेवटी आवाज चढवून कवितेच्या दोन ओळी, की टाळ्या. त्यामुळे लॉला आल्यावर मूट कोर्ट म्हणजे पांढऱ्या शर्टावर काळा कोट चढवून केलेलं वक्तृत्व, अशी माझी पक्की समजूत होती. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला गेले आणि साधारण चौथ्या मिनिटाला ती समजूत गळून पडली. सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, कारण मला यातली निम्मी माहिती सीनियर्सच्या मागे फिरून तुकड्यातुकड्यांनी मिळाली आणि उरलेली निम्मी चुका करून.

ज्यांना हा प्रकार अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अभिरूप न्यायालय, म्हणजेच मूट कोर्ट, हे अपिलाचं कोर्ट असतं. साक्षीदार, उलटतपासणी, पंचनामे हे सगळं खालच्या कोर्टात होऊन गेलेलं असतं आणि त्याचं सार तुमच्या हातात छापील येतं. त्यात एका शब्दाचीही भर घालता येत नाही. वाद फक्त इतकाच, की एवढ्या सामग्रीवर खालच्या कोर्टाने दिलेला निकाल कायद्याने टिकतो का. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार आम्हाला मूटचा पेपर तसाही सक्तीचा असतो : वर्षात तीन मूट, प्रत्येकी १० गुण, त्यातले ५ लेखीला आणि ५ तोंडीला. पण वर्गातली मूट आणि बाहेरची स्पर्धा यांत विहिरीत पोहणं आणि समुद्रात पोहणं एवढा फरक आहे.

१० ऑगस्ट २०२४ ला कॉलेजमध्ये निवड फेरी झाली. आमची टीम दुसरी आली. पहिल्या टीमच्या तारखा दुसऱ्या स्पर्धेशी आदळल्या म्हणून ही स्पर्धा आमच्या वाट्याला आली, हे आधीच सांगून टाकते. टीम तिघांची : दोन स्पीकर आणि एक रिसर्चर. मी पहिली स्पीकर, माझी वर्गमैत्रीण दुसरी आणि एक वर्ष ज्युनियर असलेला मुलगा रिसर्चर. त्याला सगळे 'तू नुसता बसणार ना?' असं विचारायचे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

नोंदणीला प्राचार्यांच्या सहीचं नामनिर्देशन पत्र लागतं, कारण एका कॉलेजमधून एकच टीम घेतात. ते पत्र मिळायला आम्हाला अकरा दिवस लागले. सर रजेवर, मग शिक्का कपाटात, मग कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते परीक्षेच्या ड्यूटीवर. फी होती ३,५०० रुपये. कॉलेजच्या खात्यातून ती वेळेत जाणार नाही हे दिसल्यावर आम्ही तिघांनी वर्गणी काढून भरली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : पैसे कुणाच्याही खात्यातून भरा, पण व्यवहाराचा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच दिवशी आयोजकांना मेल करा. आम्ही केला नाही, म्हणून टीम कोड यायला नऊ दिवस लागले. हा कोड म्हणजेच पुढे तुमचं नाव. कॉलेजचं नाव मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, किंवा बोलताना कुठेही आलं तर टीम बाद होऊ शकते. बॅगेवरचा लोगोसुद्धा झाकून न्या.

मूट प्रॉपोझिशन, म्हणजे स्पर्धेसाठी रचलेला काल्पनिक खटला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. सहा पानं, एकतीस परिच्छेद. एका व्यापाऱ्याचा २०२१ मधला खून. आरोपी त्याचा जुना भागीदार. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नाही. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत आरोपी रात्री आत जाताना दिसतो, त्याची पेन ड्राइव्ह कोर्टात दाखल आहे, पण ती खरी नक्कल आहे असं सांगणारं, कायद्याला लागणारं प्रमाणपत्र सोबत नाही. आरोपीने पोलिसांना सांगितलेल्या जागेवरून सुरा निघाला, मात्र दोन पंचांपैकी एक फितूर. सेशन्स कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं, हायकोर्टाने २०२३ मध्ये तो निकाल फिरवून जन्मठेप दिली. आरोपी सुप्रीम कोर्टात.

प्रॉपोझिशन दोनदा वाचून आम्ही लगेच निवाडे शोधायला धावलो. ही पहिली मोठी चूक. वकिली करणारी एक सीनियर ताई म्हणाली, 'आधी एकतीस परिच्छेद एकतीस चिठ्ठ्यांवर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे कुणाच्या फायद्याचं.' आम्हाला ते शाळकरी वाटलं. डिसेंबरमध्ये शेवटी तेच केलं, तेव्हा कळलं की परिच्छेद १४ म्हणतो 'पोलिसांनी दुकानातला डीव्हीआर जप्त केला' आणि परिच्छेद १७ म्हणतो 'कोर्टात पेन ड्राइव्ह दाखल झाली'. मग डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं मूळ यंत्र, गेलं कुठे? प्रॉपोझिशन त्यावर चूप. शंका विचारायची मुदत ३० ऑक्टोबरलाच संपलेली. दुसऱ्या कुठल्यातरी टीमने हाच प्रश्न विचारला होता असं नंतर समजलं. आयोजकांचं उत्तर होतं, 'प्रॉपोझिशन स्वयंपूर्ण आहे.' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक शंकेला मिळतं, त्यामुळे त्याने निराश होऊ नका. मुद्दाम सोडलेली फट आहे, एवढं त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. सुप्रीम कोर्ट म्हटलं की आम्ही डोळे मिटून संविधानाचा अनुच्छेद १३६, म्हणजे विशेष परवानगीचं अपील, लिहिलं होतं. रिसर्चरने विचारलं, 'परवानगी मागायची कशाला, याला तर हक्कच आहे ना?' हायकोर्टाने निर्दोष सुटका फिरवून जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७९ प्रमाणे आरोपीला सुप्रीम कोर्टात थेट अपिलाचा हक्क आहे. १९७० च्या एका कायद्यानेही तो दिलेला आहे. त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४२० झालंय. मेमोरियलचं एक वाक्य बदललं, पण पुढे त्या एका वाक्याने आम्हाला कोर्टात दोन शांत मिनिटं मिळवून दिली.

मेमोरियल दोन्ही बाजूंनी लिहायचं असतं. अपीलकर्त्याचं वेगळं, शासनाचं वेगळं. सकाळी ज्या मुद्द्याला आपण लोखंडी म्हणतो त्याच्या संध्याकाळी चिंध्या करायच्या. पहिले काही दिवस मला हे दुटप्पी वाटायचं, नंतर त्यातच मजा यायला लागली. विशेषतः शरद बिर्धीचंद सारडा खटल्याचा १९८४ चा निवाडा. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर कोणत्या पाच कसोट्या लागतात हे त्यात सांगितलंय आणि कोर्टाने त्यांना 'पंचशील' म्हटलंय. तो खटला पुण्यातला. पाचही कसोट्या आम्ही अपीलकर्त्याच्या बाजूने एकदा आणि शासनाच्या बाजूने एकदा घासूनपुसून लावल्या. सुऱ्यासाठी प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपिलाच्या कोर्टाचा, १९४७ चा पुलुकुरी कोट्टय्या : आरोपीच्या निवेदनातून सुरा कुठे होता आणि ते त्याला ठाऊक होतं एवढंच पुराव्यात येतं, 'याच सुऱ्याने मारलं' हे येत नाही. सुटका फिरवण्याबद्दल २००७ चा चंद्रप्पा : पुराव्यावरून दोन मतं संभवत असतील तर अपिलाच्या कोर्टाने सुटकेला हात लावू नये.

आणि सीसीटीव्हीसाठी अर्जुन खोतकर वि. कैलास गोरंट्याल, १४ जुलै २०२०. हा निवाडा जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून आला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. आणि त्या व्हिडिओला पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र नव्हतं, मागूनही मिळालं नव्हतं. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, पण मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही. एरवी कायद्याची पुस्तकं दिल्ली-कलकत्त्याच्या नावांनी भरलेली. त्यात अर्ज भरायला चाललेली, घड्याळाकडे बघणारी जालन्याची माणसं भेटल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

मेमोरियलची मुदत १० जानेवारी २०२५, रात्री ११.५९. तळटिपा ब्लूबुक या संदर्भ कसे लिहायचे ते सांगणाऱ्या पुस्तकाच्या पद्धतीने, अक्षर टाइम्स न्यू रोमन १२, युक्तिवादाची पानं जास्तीत जास्त वीस, प्रत्येक जादा पानाला एक गुण वजा. आम्ही नऊ वाजता चोवीस पानांवर होतो. काटछाट करताना शासनाच्या बाजूच्या मेमोरियलमध्ये परिच्छेद २२ जरा लंगडा वाटला म्हणून मी एका जुन्या मूटच्या फाइलमधून तीन ओळी आणि एक तळटीप उचलून तिथे चिकटवली. शफी मोहम्मद वि. हिमाचल प्रदेश, २०१८ : प्रमाणपत्राची अट न्यायाच्या हितासाठी शिथिल करता येते. छान बसलं. ११.४१ ला मेल गेला. तळटीप क्रमांक ३१.

मेमोरियल एकदा पाठवलं की त्यात स्वल्पविरामही बदलता येत नाही. छापील प्रतीही त्याच फाइलवरून काढायच्या : अपीलकर्त्याला निळं आवरण, प्रतिवादीला, म्हणजे शासनाला, लाल, प्रत्येकी पाच प्रती. छपाई आणि बाइंडिंगचे २,३८० रुपये झाले. बाइंडिंगवाल्याने दोन प्रतींना आवरणं उलटी लावली होती. सुदैवाने स्टेशनवर जायच्या आधी लक्षात आलं, तेव्हा प्रती दुकानातच उघडून बघा.

जानेवारीचा उरलेला महिना सरावात गेला. मी सात मिनिटांचं भाषण पाठ केलं, अगदी हातवाऱ्यांसकट. वकिली करणारा एक दादा न्यायाधीश म्हणून बसला आणि त्याने दुसऱ्याच वाक्याला मला थांबवलं. मी थांबले, उत्तर दिलं आणि परत पहिल्या वाक्यापासून सुरू केलं. तो हसला. 'तू रेल्वेची अनाउन्समेंट आहेस का? जिथे अडवलं तिथून पुढे जा.' मला ते जमेचना. पाठ केलेलं बोलणं म्हणजे मण्यांची माळ, एक ओढला की सगळे घरंगळतात. शेवटी मी भाषण फाडलं आणि एका कागदावर फक्त तीन मुद्दे आणि परिच्छेदांचे क्रमांक ठेवले. इंग्रजीची भीती वेगळीच. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. प्रश्न आला की आधी मनात मराठीत उत्तर तयार व्हायचं, मग त्याचं इंग्रजी. दादाने त्यावर सांगितलेली युक्ती साधी होती : प्रश्न कळला नाही तर सरळ पुन्हा विचारा, आणि उत्तराचा पहिला शब्द 'हो' किंवा 'नाही' असू द्या. खुलासा मागून. त्या पहिल्या शब्दामुळे पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

स्पर्धा ७ ते ९ फेब्रुवारी, शुक्रवार ते रविवार, परराज्यात. स्लीपरची तिकिटं एका बाजूची वेटिंगवर होती, ती निघायच्या आदल्या रात्री कन्फर्म झाली. शुक्रवारी उद्घाटन, चिठ्ठ्या काढून जोड्या, प्रतिस्पर्धी टीमच्या मेमोरियलची अदलाबदल आणि संध्याकाळी रिसर्चर टेस्ट. आमचा पोरगा 'नुसता बसायला' आला होता ना, तो पन्नास गुणांचा पेपर देऊन आला. परत येताना त्याचा चेहरा उतरलेला. मला वाटलं पेपर कठीण गेला असेल.

तो म्हणाला, 'ताई, एक प्रश्न होता. अर्जुन खोतकरने कोणते निवाडे चुकीचे ठरवले?'

मी म्हटलं, 'मग?'

'त्यात शफी मोहम्मद आहे.'

खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता. ज्या निवाड्याचं जालना-जालना करत मी चार महिने कौतुक केलं, त्यानेच रद्दबातल ठरवलेला निवाडा मी त्याच मेमोरियलमध्ये, चार पानांच्या अंतरावर, आधार म्हणून दिला होता. खोतकर निवाडा मी पूर्ण वाचलाच नव्हता. सारांश वाचला होता आणि जालन्याची गोष्ट वाचली होती. निवाडा आजही लागू आहे का हे तपासायला सशुल्क डेटाबेसमध्ये वर छोटी खूण येते. मी उचललेल्या ओळींना कसली खूण असणार? ती रात्र तिघांनी जागून काढली. लपवायचं की कबूल करायचं यावर आमचं अक्षरशः भांडण झालं. मैत्रिणीचं म्हणणं, कोण बघतंय तळटिपा. मी तिच्या बाजूची होते, हेही लिहायला हवं.

शनिवारी सकाळची पहिली फेरी अपीलकर्त्याची. प्रत्येक टीमला तीस मिनिटं, त्यातली तीन प्रत्युत्तराला राखून ठेवता येतात. ती सुरुवातीलाच मागून घ्यायची, नंतर मागितली तर मिळत नाहीत. समोर दोन न्यायाधीश. एक वकीलसाहेब, एक प्राध्यापिका. 'माय लॉर्ड'चा सराव करून गेलेलो आणि समोर मॅडम. बार कौन्सिलने २००६ मध्येच सांगितलंय की वरच्या कोर्टांत 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावं. तेच धरून ठेवा, गोंधळ होत नाही. पहिलाच प्रश्न आला, 'कोणत्या तरतुदीखाली आलात?' मी कलम ३७९ म्हटलं. वकीलसाहेबांनी मान वर केली. 'सकाळपासून सगळे १३६ सांगतायत.' मग विचारलं, नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तुम्ही १८७२ च्या कायद्यावर का बोलताय? अपील त्या तारखेआधीपासून प्रलंबित होतं, नव्या कायद्याच्या कलम १७० ने अशा प्रकरणांना जुनाच कायदा ठेवलाय, हे रिसर्चरने पहाटे चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती फेरी बरी गेली.

दुपारी अडीचला प्रतिवादीची फेरी. वेगळे न्यायाधीश. डावीकडच्या सरांनी लाल मेमोरियल उघडून ठेवलं होतं आणि त्यात एका जागी पेन्सिल आडवी ठेवलेली. मी जिथे उभी होते तिथून पान दिसत नव्हतं, पण मला पान कळलं. मी अजून पहिल्या मुद्द्यावरच होते. चौथं मिनिट.

'काउन्सेल, परिच्छेद २२, तळटीप ३१. हा निवाडा आज लागू आहे?'

वक्तृत्वातला माझा सगळा जन्म सांगत होता, आवाज चढव, वळण घे. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी दादाचा नियम पाळला. पहिला शब्द 'नाही'. मग म्हटलं, 'अर्जुन खोतकरमध्ये तो चुकीचा ठरवला गेला आहे. आम्ही तो आधार मागे घेतो आणि लेखी युक्तिवादातल्या चुकीबद्दल कोर्टाची माफी मागतो.'

सरांनी पेन्सिल उचलली, पानाच्या कडेला काहीतरी लिहिलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

'ठीक. तो काढला. आता तुमच्याकडे काय उरलं?'

मला वाटलं होतं कबुली हा शेवट असेल. तो प्रश्नाचा फक्त अर्धा भाग होता. टेबलावर चिठ्ठी सरकली : '१४'. डीव्हीआर! मी म्हटलं, यंत्र जप्त झालेलं आहे, ते पोलिसांच्या ताब्यात आहे, प्रमाणपत्र नंतरच्या टप्प्यावरही दाखल करून घेता येतं असं तोच खोतकर निवाडा सांगतो, आणि हे कोर्ट त्यासाठी आदेश देऊ शकतं. सरांनी लगेच विचारलं, 'अपिलात? चार वर्षांनी? आरोपीचं नुकसान होत नाही?' त्याचं धड उत्तर मला देता आलं नाही. पण पुढची आठ मिनिटं आम्ही दोघं त्या एका डीव्हीआरवर बोलत होतो, आणि टाइमकीपरने पाटी दाखवली तेव्हा मला ती दिसलीच नाही.

सव्वीस टीमपैकी आठ पुढे गेल्या. आम्ही अकरावे. यादी रात्री पावणेनऊला भिंतीवर लागली. रविवारी थांबून फायनल पाहिली, ते मात्र कुणीही चुकवू नका. गुणपत्रकं मागावी लागतात, मेल केला तर पाठवतात. आमची १ मार्चला आली. शासनाच्या मेमोरियलला १०० पैकी ५४ आणि शेरा, 'संशोधन जुने'. तोंडी फेरीच्या रकान्यात प्रश्नांना उत्तरं देण्याला बरे गुण होते, मांडणीला कमी.

राहिला खर्च. नोंदणी, छपाई, प्रवास, रिक्षा मिळून तिघांचे ९,१४० रुपये झाले. कॉलेज मूळ पावत्यांवर निम्मे परत देतं. हजेरीचंही बघून ठेवा : बार कौन्सिलचा ७० टक्क्यांचा नियम मूटवाल्यांनाही चुकत नाही, म्हणून स्पर्धेच्या दिवसांची ड्यूटी लीव्ह जायच्या आधीच लिहून घ्या. आम्ही आल्यावर गेलो आणि दोन आठवडे खेटे घातले.

मार्चअखेर पावत्या घेऊन अकाउंट्सला गेलो. बाइंडिंगची पावती माझ्याकडून प्रवासात हरवली होती. फोनमध्ये फोटो होता, त्याची प्रिंट जोडली.

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, 'ही झेरॉक्स आहे. मूळ कुठाय?'

'हरवली, काका. हा फोनमधला फोटो आहे.'

'असं चालत नाही, बाळ. चालवायचं तर सोबत प्रमाणपत्र जोड. फोटो कुणी काढला, कधी काढला, कुठल्या फोनवर, आणि ही खरी नक्कल आहे म्हणून सही.'

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मैत्रिणीने तिथेच बाकावर बसून, ६५ ब च्या नमुन्याबरहुकूम, फोनच्या मॉडेलसकट एक पानी प्रमाणपत्र लिहिलं आणि मी सही केली. काकांनी ते न वाचता फाइलला टाचलं. पैसे २२ एप्रिलला जमा झाले.